आपला सर्व्हर, लेखांक ६ : ७७७ मारण्याआधी

मागच्या लेखात उबुंटूवर अपाची बसवला आणि ब्राउझरमध्ये त्याचं स्वागताचं पान पाहिलं. आता त्याजागी आपली साइट ठेवायची, आणि इथेच बहुतेकांना पहिली ठेच लागते : '४०३ फॉरबिडन'.

तारापूर एमआयडीसीतला एखादा छोटा रसायन कारखाना धरून चालू. साइट साधीच. कंपनीची माहिती, उत्पादनांची यादी आणि प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट, जी परदेशातलं गिऱ्हाईक ऑर्डरआधी हमखास मागतं. साइट सांभाळणारा बोईसरमधला पोरगा सगळ्या फाइल्स 'होम'मधल्या आपल्या डिरेक्टरीत ठेवतो आणि अपाचीला तिकडे वळवतो. ४०३. कुठल्याशा व्हिडिओत पाहून तो साइटच्या फोल्डरवर परवानग्या बदलणारी 'सीएचमॉड' कमांड ७७७ या आकड्यासह मारतो. तरीही ४०३! मग चिडून अख्ख्या होम डिरेक्टरीवरच ७७७. पान उघडतं, चहा होतो. दुसऱ्या दिवशी एसएसएच त्याची की स्वीकारत नाही. होम डिरेक्टरीत कोणालाही लिहिता येत असेल, तर तिथल्या की-फाइलवर एसएसएच भरवसा ठेवत नाही.

यातली गोम पाहू. परवानग्यांचे आकडे सोपे आहेत : वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. पहिला अंक मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. ६४० म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येतं, ग्रुपला फक्त वाचता येतं, बाकीच्यांना काहीच नाही. ही पद्धत जुनी आहे. युनिक्सचा जन्म बेल लॅब्जमध्ये १९६९ साली झाला, म्हणजे तारापूरची अणुभट्टी सुरू झाली त्याच वर्षी. नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये सीएचमॉड आहेच. ग्रुप मात्र नंतर आला. सुरुवातीला फक्त मालक आणि इतर एवढेच भेद होते.

खरा घोळ होतो तो डिरेक्टरीत, कारण तिथे याच तीन परवानग्यांचं काम बदलतं. वाचणं म्हणजे आतल्या नावांची यादी पाहणं. लिहिणं म्हणजे आत नवी नावं घालणं आणि असलेली काढून टाकणं. आणि तो १ म्हणजे आत शिरून पुढे जाणं. मेन गेटचा पास नसेल, तर आतल्या प्लांटचा पास खिशात असून काय उपयोग? रूटपासून फाइलपर्यंत वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर हा १ लागतो. उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नवी होम डिरेक्टरी ७५० ने तयार होते, म्हणजे परक्याला दारातच अडवलं जातं. आपल्या पोराची पहिली ७७७ म्हणूनच वाया गेली. 'नेमआय' ही कमांड 'एल' पर्यायासह पूर्ण पत्त्यावर चालवली, की वाटेतली प्रत्येक पायरी, तिचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दिसते. ४०३ आला की आधी हे पाहावं. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

दुसरी गोष्ट अनेक जुन्या खेळाडूंनाही पटत नाही. फाइल पुसता येणं फाइलच्या परवानगीवर नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर अवलंबून असतं. डेटा शीटला ४४४ लावून ती सुरक्षित झाली असं समजू नका. डिरेक्टरी ७७७ असेल, तर सर्व्हरवरचा कुठलाही युजर ती काढून त्याच नावाची दुसरी ठेवू शकतो.

मग मांडणी कशी करावी? साइट होममध्ये नको, 'व्हार'खालच्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'मध्ये असू द्या. उबुंटूवर अपाचीचा युजर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'. रेड हॅटच्या घराण्यात त्याचं नाव 'अपाची'. फाइल्सचा मालक तुम्ही, ग्रुप अपाचीचा. डिरेक्टरींना ७५०, फाइल्सना ६४०. एकाच फटक्यात सगळ्यांना ७५० लावू नका, साध्या चित्रांनाही विनाकारण १ मिळतो. 'फाइंड'ने डिरेक्टरी आणि फाइल्स वेगळ्या काढून दोन कमांड चालवा. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल, बॅकअपच्या झिप फाइल्स, 'गिट'चं फोल्डर यांचं साइटच्या डिरेक्टरीत कामच नाही.

अपाचीला लिहू द्यायचं ते एकाच जागी, अपलोड्समध्ये. पालघर जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावरची एखादी सूचना पीडीएफमध्ये उघडा आणि वरचा पत्ता वाचा : अपलोड्स, मग वर्ष, मग महिना, मग फाइल. ते संकेतस्थळ एनआयसीच्या 'एसथ्रीवास' या सामायिक व्यवस्थेवर आहे, त्यामुळे सूचना चढवणाऱ्याला सीएचमॉडशी देणंघेणं नाही. स्वतःचा सर्व्हर घेतला, की ती डोकेदुखी आपली.

अपलोड्सला २७७० लावा. सुरुवातीच्या जादा २ मुळे आत नव्याने तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते. पण जिथे बाहेरून फाइल येते, तिथे काही चालता कामा नये. डेटा शीटच्या नावाखाली कोणी पीएचपी फाइल चढवली आणि अपाचीने ती चालवली, तर साइट त्याची झाली. म्हणून अपाचीच्या मुख्य कॉन्फिगमध्ये या डिरेक्टरीपुरतं पीएचपी बंद करा आणि 'अलाउ-ओव्हरराइड' नन ठेवा, नाहीतर आलेला पाहुणा स्वतःची एचटीअ‍ॅक्सेस फाइल ठेवून ते परत सुरू करेल.

शेवटी तपासणी. 'सुडो'ने डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा बनून मुख्य डिरेक्टरीत 'टच'ने एक फाइल करून पाहा. 'परमिशन डिनाइड' यायला हवं. तेच अपलोड्समध्ये करा, तिथे फाइल बनायला हवी. रेड हॅटवर एवढं करूनही ४०३ राहिला, तर दोष आकड्यांचा नसून बहुधा एसई-लिनक्सचा आहे. त्याचा समाचार पुढच्या आठवड्यात.