सुचत नसेल तर आधी किनार काढा

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी भाग. बोलताना येणारे ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा’ काढून टाकलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं ठेवलंय. ऑडिओमध्ये मागे हॉर्न ऐकू येतील, त्याला इलाज नाही. मी सोलापूरच्या नवी पेठेत राहते. खाली मोबाईलची दुकानं, वर आमची खोली. संध्याकाळी सहानंतर इथं शांतता मागणं म्हणजे जास्तच झालं.

बरेच दिवस तुमच्यापैकी काही जण एकच प्रश्न पाठवताय. “ताई, आधी रोज काहीतरी करायचे. आता हातच लावावासा वाटत नाही. प्रेरणा कुठून आणायची?” मी उत्तर टाळत होते, कारण माझीच गाडी बंद पडली होती. मी भरतकाम करते हे तुम्हाला माहीत आहे. पण मागचे सात महिने मी ऑर्डर सोडून एक टाकाही घातला नव्हता. ऑर्डरसुद्धा रडत रडत. घरी विषय निघाला होता की सामान विकून टाकावं आणि एखाद्या शोरूममध्ये नोकरी बघावी. आईला मी हो पण म्हटलं होतं.

आवड नेमकी कुठे गेली?

आधी माझं काय झालं ते सांगते. कॉलेजमध्ये असताना मी दुसुतीवर क्रॉस स्टिच करायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. मैत्रिणींना द्यायचे, ते बघून कुणी ऑर्डर दिली, मग रील टाकलं, मग आणखी ऑर्डर आल्या. छान वाटत होतं. पण हळूहळू जे चालतं तेच करायला लागले. नावाचं एक अक्षर, खाली दोन फुलं. एकच डिझाइन साठ वेळा केलंय मी. वर एका गिऱ्हाइकाने माझ्याकडून नमुना नेला आणि तोच मशीनवर स्वस्तात काढून घेतला. त्या दिवसानंतर सुई हातात घेतली की पोटात गोळा यायचा.

मला वाटायचं मी आळशी झालेय. पण एक जुना प्रयोग वाचला आणि थोडं बरं वाटलं. 1973 साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीत तो केला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला आधीपासून आवडायचं अशी तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी घेतली. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले आणि नुसतं बघत बसले. ज्यांना बक्षीस आधी कबूल केलं होतं, ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

म्हणजे बक्षीस वाईट नाही. ‘मी हे बक्षिसासाठी करते’ हे एकदा डोक्यात बसलं की बक्षीस नसताना ते काम कामच वाटतं. माझं सर्टिफिकेट म्हणजे लाइक आणि यूपीआयचा तो आवाज. तुमचं काय आहे, ते तुम्ही बघा.

अण्णांचा ग्राफ पेपर

कारण तर कळलं. पण कारण कळून सुई हलत नाही ना! तेव्हा मी अण्णांकडे गेले. अण्णा म्हणजे आमच्या जुन्या शेजारातले. आयुष्यभर चादरीच्या कारखान्यांसाठी डिझाइन काढून द्यायचे. आता डोळे साथ देत नाहीत.

गेल्या गेल्या त्यांनी विचारलं, “काय करलालीस गं हल्ली?”

म्हटलं, “काही नाही अण्णा, सुचंना झालंय.”

ते हसले आणि कपाटातून एक पिवळा पडलेला ग्राफ पेपर काढला. त्यावर चौकोन भरून काढलेला अर्धा मोर.

इथं जरा थांबून चादर कशी बनते ते सांगते, कारण सोलापुरात राहूनसुद्धा मला ते नीट माहीत नव्हतं. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, तो ताणा. त्यातून आडवा धागा जातो, तो बाणा. ग्राफ पेपरवरची उभी रांग म्हणजे ताण्याचे धागे, आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेरी. कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे एकेक चौकोन भरून ठरवायचं. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. एका ओळीला एक पट्टी. भोक असेल तिथला धागा वर जातो, नसेल तिथला खालीच राहतो. या सगळ्या पट्ट्या ओळीने शिवून त्याची माळ मागाच्या वर असलेल्या जकार्डवर चढवायची. माळ फिरत राहते, डिझाइन खाली कापडात उतरत राहतं. एक भोक चुकलं की ती चूक प्रत्येक मोरात येणार. हल्ली बरंचसं काम कॉम्प्युटरवर होतं, पण हिशोब तोच.

हे जकार्ड नाव ज्या माणसावरून आलं तो जोसेफ मारी जकार्ड, फ्रान्समधल्या लियाँ शहरातला. त्याचं यंत्र 1804 चं. पुढे 1839 मध्ये लियाँमध्ये त्याच जकार्डचं एक चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला 24,000 पट्ट्या लागल्या होत्या. लांबून बघणाऱ्याला ते छापलेलंच वाटायचं. त्याची एक प्रत इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने घरात लावली होती. आपल्या गणिती यंत्राला आकडे आणि सूचना द्यायला भोकांच्या पट्ट्या वापरायची कल्पना त्याने मागावरूनच उचलली. आज आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो त्याच्या पूर्वजांत ते यंत्र मोजतात. म्हणजे आमच्या खोलीखाली जे मोबाईल विकले जातात, त्यांचं चादरीशी लांबचं नातं आहे. बॅबेजला कल्पना आली कुठून? कापड बघून. तो कापडवाला नव्हता तरी.

आता परत अण्णांकडे येते. मी त्यांना विचारलं, “तुम्हाला दर वेळी नवीन सुचायचं कसं?”

ते म्हणाले, “सुचायची वाट बघायला वेळ कुठं होता? बीम मागावर चढलेला, विणकर बसलेला. डिझाइन नाही दिलं तर त्याचा खाडा. मग मी काय करायचो, मधलं फूल सुचत नसलं की आधी किनार काढायचो. किनारीला डोकं लागत नाही. चार चौकोन भरा, दोन सोडा. तेवढं झालं की हात चालू होतो. हात चालू झाला की फूल येतंय मागनं.”

मी निघताना त्यांनी कोरा ग्राफ पेपर दिला. म्हणाले, “घरी जाऊन फूल काढू नको. किनार काढ.”

चौकट लहान असली की काय होतं

घरी आले, किनार काढली. मोजून वीस मिनिटं. आणि खरं सांगते, सात महिन्यांत पहिल्यांदा मी मोबाईल न बघता वीस मिनिटं बसले होते.

हे का चालतं यावर मी नंतर विचार केला. ‘काहीतरी भारी कर’ असं स्वतःला सांगितलं की सगळ्या दिशा उघड्या असतात आणि माणूस जागचा हलत नाही. ‘दोन रंग, बारा चौकोनांची उंची, फक्त सरळ रेषा’ असं सांगितलं की डोकं लगेच खटपट करायला लागतं. आमच्या आजीच्या इरकल साडीवर कशिदा आहे, धारवाड-हुबळीकडचा. तो बघा. त्यात कापडावर आधी छाप काढत नाहीत, धागे मोजून टाके घालतात. गाठ मारत नाहीत. गवंती नावाच्या टाक्यात तर काम दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. एवढ्या अटी! आणि तेवढ्यात गोपुर, रथ, हत्ती, पालखी, तुळशीवृंदावन सगळं बसवलंय त्या बायकांनी.

मोठ्या चित्रकारांचंही असंच दिसतं. एम. एफ. हुसेन यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, पंढरपूरचा. मुंबईत त्यांनी सुरुवातीला सिनेमाची होर्डिंग रंगवली. विषय दुसऱ्याचा, माप दुसऱ्याचं, वेळ दुसऱ्याची.

आणि दुसरे प्रभाकर बरवे. जे. जे. मध्ये शिकलेले. 1961 पासून पुढची वीसेक वर्षं त्यांनी सरकारी वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली, म्हणजे विणकरांना डिझाइन देणाऱ्या संस्थेत. त्यातली काही वर्षं बनारसला. तिथल्या तांत्रिक चित्रांचा परिणाम त्यांच्या कामात दिसतो. नोकरी सांभाळून ते स्वतःची चित्रं काढत राहिले आणि वह्या भरत राहिले. त्या वह्यांत टिपणं, रेखाटनं, मनातले विचार असं सगळं असायचं. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत आहे, 1990 चं. चित्र काढणाऱ्या प्रत्येकाने एकदा हातात घ्यावं असं.

मला यातून काय मिळालं? पोटापाण्याचं काम आणि आपलं काम एकाच माणसात राहू शकतं. पण आपल्या कामासाठी वेगळी वही लागते. माझी चूक तिथं झाली होती. माझ्याकडे ऑर्डरची वही होती, माझी वही नव्हती.

मग विश्रांती घ्यायचीच नाही का?

घ्यायची. ग्रॅहॅम वॉलस नावाच्या इंग्रज लेखकाने 1926 मध्ये सुचण्याचे चार टप्पे सांगितले होते. आधी तयारी, म्हणजे प्रश्नाला भिडायचं. मग तो बाजूला ठेवून दुसरं काही करायचं. मग अचानक सुचतं. आणि शेवटी जे सुचलं ते तपासायचं. आपण सगळे तिसरा टप्पा मागत असतो. आंघोळ करताना सुचलं, बसमध्ये सुचलं, हे खरंच होतं. पण पहिला टप्पा न करता नुसतं बाजूला ठेवलं तर काही शिजत नाही. चुलीवर पातेलंच नाही ठेवलं तर झाकण काढून बघण्यात काय अर्थ आहे! माझे सात महिने असेच गेले. रात्री दोन-दोन तास दुसऱ्यांची कामं मोबाईलवर बघायची आणि त्याला ‘रिसर्च’ म्हणायचं.

मी सध्या काय करते

एक. रोज वीस मिनिटं किनार. दुसुतीवर नाहीतर ग्राफ पेपरवर. चांगली झाली नाही तरी चालते. वीस मिनिटं झाली की उठायचं.

दोन. आठवड्यातलं एक काम विकायचं नाही आणि त्याचा फोटोही टाकायचा नाही. हे सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या आठवड्यात दोनदा फोटो काढून डिलीट केला.

तीन. मोबाईल रस्त्यावर वापरायचा, अंथरुणात नाही. नवी पेठेतून चालताना बंद शटरच्या रेघा, दुकानात घडी घालून रचलेल्या चादरींच्या कडा, जुन्या वाड्याच्या खिडकीची जाळी, याचे फोटो काढते. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हाच्या सजावटीचे फोटो तर ढीगभर आहेत माझ्याकडे. कधी वापरलेच नव्हते. त्यातला एक निवडायचा आणि चौकोनांत बसवायचा. बस.

चार. ऑर्डर घेते, पण साठ वेळा एकच नाही. अक्षर गिऱ्हाइकाचं, किनार माझी. ती दर वेळी वेगळी. गिऱ्हाइकाला सांगूनच करते. आतापर्यंत कुणी नाही म्हटलेलं नाही.

सहा आठवडे झाले. चमत्कार झालेला नाही. महिन्याचा हिशोब अजून ओढाताणीचाच आहे, आणि आईला दिलेला शब्द दिवाळीपर्यंत पुढे ढकललाय. दिवाळीनंतर काय ते बघू. कदाचित नोकरी करीनही. पण सामान विकणार नाही, हे मात्र ठरलंय. नोकरी करून वही भरता येते, हे आता मला माहीत आहे.

परवा अण्णांना माझ्या किनारी दाखवल्या. डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितल्या. मग बोट एका जागी ठेवलं आणि म्हणाले, “इथं एक चौकोन चुकलाय.” खरंच चुकला होता. मी तो उसवला नाही. पुढच्या ओळीपासून तीच चूक मुद्दाम घेत गेले, आणि त्यातून एक वेगळीच नागमोडी आली. आत्ता ती समोर फ्रेमवर ताणलेली आहे, अर्धी झालीय.

तर या आठवड्याचं तुमचं काम. तुम्ही चित्र काढत असाल, मातीकाम करत असाल, विणत असाल, गाणी लिहीत असाल, तुमच्या कामात ‘किनार’ काय आहे ते शोधा. ज्याला डोकं लागत नाही असा छोटा भाग. वीस मिनिटं तेवढंच करा. कुणाला दाखवू नका. पुढच्या रविवारी मला फक्त एवढंच कळवा, की बसलात की नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. खाली हॉर्न वाढलेत, मी खिडकी लावते आता. काळजी घ्या!