वाघाच्या वाटेवरची फुलपाखरं

सावंतवाडी-दोडामार्गचा डोंगरपट्टा चर्चेत येतो तो वाघ आणि हत्तींमुळे. राधानगरीपासून तिलारी, गोव्यातलं म्हादई आणि कर्नाटकातलं भीमगड, काळी या जंगलांना जोडणारी वाट इथूनच जाते. ही वाट कितपत धड राहिली आहे, हे मात्र फुलपाखरं जास्त बारकाईने सांगतात. हत्ती रबराची बाग तुडवत पलीकडे जाईल. फुलपाखराच्या अळीला तिचं ठरावीक झाड मिळालं नाही, तर वंश तिथेच खुंटतो.

सदाहरित रानात, उंच झाडांच्या शेंड्यांजवळ मलबार ट्री निम्फ तरंगतं. पांढुरक्या, झिरझिरीत पंखांवर काळे ठिपके असलेलं हे फुलपाखरू पश्चिम घाटाबाहेर सापडत नाही. त्याला दाट, ओलसर सावली लागते. सदर्न बर्डविंगचे पिवळे-काळे पंख पसरले की वीतभर भरतात, पण एवढ्या मोठ्या जिवाचा सगळा संसार ईश्वरीच्या वेलीवर अवलंबून. वेलीतलं विष अळीच्या अंगात उतरतं आणि मग पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत.

रान संपून कातळसडा लागला की सगळंच बदलतं. पावसाळ्यात सड्यावर गवत आणि इवली फुलं उगवतात, तिथे जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचं ग्रास ज्युवेल जमिनीलगत उडतं. सरकारी कागदावर असे सडे ‘पडीक’ ठरतात, हे फार चुकीचं आहे.

ओढ्याकाठच्या ओल्या मातीत नर क्षार शोषायला थव्याने बसतात. तिथेच महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत दिसतं. त्याला हा मान २०१५ साली मिळाला. त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते, म्हणून ते परसातही येतं. कढीपत्त्यावरची हिरवी अळी बहुधा त्याच्याच भाऊबंदांपैकी कॉमन मॉर्मन किंवा लाइम बटरफ्लायची असते. रुईवर वाढणारं प्लेन टायगर तर रस्त्याकडेलाही सुखाने राहतं.

म्हणजे घनदाट जंगल राखलं तरी ते पुरेसं नाही. सडा, ओढा, देवराई, परस हे सगळे तुकडे जोडलेले हवेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली, तरी रबर आणि अननसासाठी डोंगर उघडे पडत राहिले. एकाच पिकाच्या अशा लागवडीत ना ईश्वरीची वेल उरते, ना रानलिंबू. कोकणात ज्यांची जमीन आहे, त्यांनी बेणणी करताना या दोघांवर तरी कोयता चालवू नये.