बुडाशी घातलेला घाव

धुळ्याच्या देवपुरातून आग्रा रोडने उत्तरेला निघालं की सोनगीर, नरडाणा मागं पडतं, तापी ओलांडून शिरपूर येतं आणि पळासनेरच्या बाजूला सातपुडा लागतो. तिथल्या जंगलात एकाच बुडातून दोन-तीन खोडं वर गेलेले साग दिसतात. बियांतून आलेला साग सहसा एकखोडी वाढतो. असे जोडसाग म्हणजे जुन्या तोडीनंतर आलेला फुटवा. मधला मूळ बुंधा कुजून जातो, तिथं खोलगट वण राहतो.

बुंधा शिल्लक असेल तर तो नीट पाहावा. कूपतोडीत, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, घाव जमिनीलगत, वीतभराच्या आत घालायचा, वरून तिरपा तासायचा आणि साल फाटू द्यायची नाही, असा दंडक होता. तिरप्या घावावर पाणी साचत नाही, फुटवा मातीजवळ येतो आणि स्वतःची मुळं धरतो. वाकून, कुऱ्हाड आडवी चालवून हे साधणं कष्टाचं काम. कंबरेइतकं उंच, ओबडधोबड थुटकं बहुधा घाईतल्या, चोरट्या तोडीचं असतं. वनखात्याचा हातोड्याचा ठसाही बुडाशी मारत, म्हणजे लाकूड गेलं तरी हिशेब मागं राहावा.

खानदेशात रेल्वे आली १८६०च्या दशकात. रुळांना लाकडी स्लीपर हवे होते, इंजिनांना इंधन हवं होतं; तोड वाढली. १८७८च्या वन कायद्यानं राखीव जंगलं आखायची वाट मोकळी केली. पुढं कूप लिलावात ठेकेदाराकडं जात आणि तोडीला भिल्ल, पावरा माणसं राबत. ठेकेदारांकडून होणारी त्यांची पिळवणूक सिमिंग्टन या अधिकाऱ्यानं १९३०च्या दशकाअखेरीस सरकारी अहवालात मांडली. मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या सरकारनं १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्थांना कूप द्यायला सुरुवात केली. माझ्या मते या जंगलांच्या इतिहासातलं हे सर्वांत न्याय्य पाऊल.

वनखात्याच्या कार्य आयोजनेत कक्ष क्रमांक सापडतो, तोडीचं वर्ष सापडतं. कुऱ्हाड चालवणाऱ्याचं नाव सापडत नाही. आजचा जोडसाग उभा आहे तो त्याच्या हाताच्या शिस्तीमुळं. पाड्यांवर त्या कूपांवर गेलेले म्हातारे अजून भेटतात. कोणत्या नाल्यावर कोणाची टोळी होती, हे त्यांच्याकडून आताच लिहून घ्यायला हवं, आणि कक्षाच्या नोंदीशेजारी ठेवायला हवं.