निकेल चढते कसे, अंगाला बाधते कसे?

आठवडी बाजारातून हौसेने आणलेली चकचकीत कानातली चार दिवसांतच काढून ठेवावी लागतात. गेवराई तालुक्यातील चकलांबा असो की दुसरे कोणतेही गाव, हा अनुभव अनेकींना येतो. कानाची पाळी लाल होते, खाजते, पाणी सुटते, मग खपली धरते. कुणी त्याला उष्णता म्हणते, कुणी गजकर्ण. मेडिकलमधून ट्यूब आणली जाते, तेवढ्यापुरते बरे वाटते आणि तीच कानातली पुन्हा घातली की त्रास परत सुरू होतो. यातल्या पुष्कळ जणींच्या त्रासाचे मूळ दागिन्याच्या सोनेरी रंगाखाली दडलेले असते. ते म्हणजे निकेल.

निकेल हा पांढरट, चमकदार आणि सहसा न गंजणारा धातू आहे. तो दुसऱ्या धातूवर चढवण्याची जुनी रीत विजेची. पण विजेशिवायही निकेलचा मुलामा देता येतो. १९४० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅबनर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल हे दोघे नळीच्या आत मुलामा चढवण्याचे प्रयोग करत होते. द्रावणात सोडियम हायपोफॉस्फाइट घातल्यावर विजेच्या हिशेबापेक्षा जास्त निकेल बसल्याचे त्यांना आढळले. त्यातूनच ‘इलेक्ट्रोलेस’ निकेलची पद्धत उभी राहिली.

यात निकेलच्या क्षाराचे हिरवे द्रावण सुमारे ८५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. द्रावणातल्या निकेलच्या कणांत दोन इलेक्ट्रॉन कमी असतात; अशा विद्युतभारित कणांना आयन म्हणतात. हायपोफॉस्फाइट त्यांना ते इलेक्ट्रॉन पुरवते. आयनाचा धातू होतो आणि वस्तूवर बसतो. सोबत हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि थोडा फॉस्फरस थरात मिसळतो. विशेष म्हणजे बसलेले निकेलच पुढची क्रिया घडवते, जणू दुधाला लावलेले विरजण. त्यामुळे कानाकोपऱ्यात, नळीच्या आतही थर सारख्याच जाडीचा बसतो. पंप, व्हॉल्व्ह आणि यंत्रांचे सुटे भाग असे मढवले जातात.

खोट्या दागिन्यांवर निकेल बहुधा विजेनेच चढवतात. पद्धत कोणतीही असो, अंगावर जे घडते ते नेमके उलटे असते. घामात मीठ आणि लॅक्टिक आम्ल असते. वरचा सोनेरी रंग झिजला की घाम निकेलपर्यंत पोचतो. धातू इलेक्ट्रॉन गमावतो, त्याचे पुन्हा आयन होतात आणि ते कातडीत शिरतात. तिथल्या प्रथिनांना ते चिकटले की काहींच्या शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना शत्रू समजते. ही ओळख एकदा पक्की झाली की बहुधा जन्मभर टिकते. नंतर निकेलचा स्पर्श झाला की एक-दोन दिवसांत खाज उठते. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा गळा दिवसभर घामाने निथळतो. तिच्या गळ्यातल्या खोट्या मंगळसूत्राच्या कडीखाली हा त्रास अधिक होणारच. कान टोचल्यावर ताज्या जखमेत निकेलची तार घालणे सर्वांत वाईट. पॅन्टचे बटण आणि पट्ट्याचे बक्कल यांमुळे पुरुषांच्या बेंबीखालीही असाच चट्टा उठतो. ‘जर्मन सिल्व्हर’च्या नावात चांदी असली तरी तो तांबे, जस्त आणि निकेलचा मिश्रधातू आहे, हेही लक्षात ठेवावे.

युरोपीय संघाने १९९४ मध्ये अशा वस्तूंसाठी मर्यादा घातली. कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा तो नियम. वस्तूत निकेल किती आहे यापेक्षा त्यातून सुटते किती, हे महत्त्वाचे. म्हणूनच स्टीलच्या ताट-वाटीला घाबरण्याचे कारण नाही. त्यातले निकेल क्रोमियमच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याआड जखडलेले असते.

मुलाम्याच्या कारखान्यात काम करणाऱ्यांचा धोका वेगळा आहे. निकेलच्या क्षारांनी हातांना खाज सुटते. त्यांची वाफाळ फवार किंवा धूळ वर्षानुवर्षे श्वासात जाणे त्याहून गंभीर. निकेलची संयुगे फुप्फुसाचा आणि नाकाचा कर्करोग करू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्येच नोंदवले आहे. वाळूज किंवा चाकणला अशा कामावर जाणाऱ्या तरुणांनी हातमोजे वापरावेत आणि टाकीवरचा हवा ओढणारा पंखा सुरू आहे ना, हे रोज पाहावे.

खाज सुटली तर आधी दागिना काढावा. स्टेरॉइडची ट्यूब स्वतःहून लावू नये. कातडी पातळ होते आणि खरोखर गजकर्ण असेल तर ते पसरते. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून निदान पक्के करतात. पाठीवर निकेलच्या मलमाची पट्टी दोन दिवस ठेवतात आणि त्यानंतरही एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या त्वचारोग विभागात दाखवता येईल. दागिन्याच्या मागे नेलपॉलिश लावण्याचा उपाय ते निघेपर्यंतच टिकतो. लेकीचे कान टोचताना मात्र काटकसर करू नये. तार शुद्ध सोन्याची, नाहीतर टायटॅनियमची असावी.