लिलावाची बोली आणि मताचे मोल

गोदाकाठच्या सायखेड्याला लिलाव नवा नाही. निफाड तालुक्यातील या गावी पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार भरतो आणि तेथे कांद्यावर बोली लागते. ज्याची ऐपत अधिक, त्याचा शब्द अखेरचा, हा बोलीचा नियम. मालाच्या बाबतीत तो चालून जातो. परंतु गावाच्या सत्तेलाही तोच नियम लावला तर काय होते, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे.

देवळा तालुक्यातील उमराणे येथे २०२० च्या अखेरीस, ग्रामपंचायत निवडणुकीच्या तोंडावर, सरपंचपदासाठी बोली लागली. ती २ कोटी ५ लाख रुपयांपर्यंत गेली. हा पैसा मंदिराच्या कामी लावावयाचा होता. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणूक रद्द केली.

अशा प्रकारांना आधार मिळतो तो एका लोकप्रिय समजुतीचा. निवडणुकीने गावात तट पडतात, भावकी दुभंगते, तेव्हा मतदान टळले तर एकोपा टिकेल, असे अनेक भले लोकही मानतात. खऱ्या विचारविनिमयातून झालेली बिनविरोध निवड स्वागतार्हच होय. तथापि तट निवडणूक निर्माण करीत नाही. पाणी, जमीन, जात आणि बाजार यांतून ते आधीच पडलेले असतात. मतदान त्यांची उघड मोजदाद करते, एवढेच. मोजदाद टाळल्याने दुही मिटत नाही. ज्याच्याजवळ बोली लावण्यास पैसा नाही, त्या शेतमजुराची आणि विधवेची संमती मात्र अनावश्यक ठरते. शिवाय पद विकत घेणारा आपले भांडवल वसूल करू पाहणार, हे सांगण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

राज्याच्या राजकारणातही मतदाराला वीट यावा अशा घटना घडल्या. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. मत एका बाजूला दिले आणि प्रतिनिधी दुसऱ्या बाजूला गेला, तेव्हा मतदानास जावेच कशाला, हा प्रश्न सुशिक्षितांच्या ओठावर येतो. एका मताने निकाल फिरत नाही, मग तसदी कशाला, हा हिशेब अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्येच मांडला होता. हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. राज्यकर्ते निकाल पाहतात, तसेच कोणता वर्ग मतदानास येतो हेही पाहतात. न येणाऱ्याच्या प्रश्नाची धास्ती कोणालाच वाटत नाही. दुहीच्या काळात कडवे अनुयायी न चुकता रांगेत उभे राहतात. घरी बसतो तो समतोल विचाराचा माणूस. मग निर्णय कडव्यांच्या हाती गेला तर नवल कसले?

निफाडच्या मतदाराने २०२४ मध्ये याचे वेगळे उत्तर दिले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली; ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. २० मे रोजी दिंडोरी मतदारसंघात मतदान झाले आणि केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा पराभव करून पेशाने शिक्षक असलेले भास्कर भगरे निवडून आले. कांदा हा त्या प्रचारातील प्रमुख विषय होता. सहा महिन्यांनी विधानसभेला मात्र निफाडने विरुद्ध आघाडीचे दिलीप बनकर यांना कौल दिला. यातील कोणता कौल योग्य, हा प्रश्न वेगळा. मतदार कोणाचा बांधील नाही, हे मात्र दोन्ही वेळी दिसले. याच लोकसभा निवडणुकीत, विजयी उमेदवाराशी आडनावाचे आणि चिन्हाच्या नावाचे साम्य असलेल्या एका अपक्षाला लाखाहून अधिक मते पडली. केंद्रापर्यंत जाणे पुरेसे नसते, डोळे उघडे ठेवून जावे लागते, हाही त्या निवडणुकीचा धडा आहे.

राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता या विसंगतीचा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. ती विसंगती संपलेली नाही. बाजारात धनिकाच्या शंभर रुपयांपुढे गरिबाचा रुपया हरतो. मतदान केंद्रात दोघांजवळ एकच नाणे असते. मतदारयादी तपासणारे आणि बोटाला शाई लावणारे हात बहुधा शिक्षकांचे व कारकुनांचेच असतात. इतरांचे मत इतक्या निगुतीने नोंदविणाऱ्या या वर्गाने आपले टपाली मत चुकवू नये आणि अठरा वर्षे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याचे नाव यादीत आले की नाही, हेही पाहावे. हे नाणे न वापरणाऱ्याच्या वतीने बोली लावण्यास दुसरे टपलेलेच असतात.