मुंबई रक्तगट आणि रक्तसंक्रमणातील अतिसंवेदनशीलता

‘ओ’ गटाचे रक्त कोणासही चालते, हा समज सर्वत्र रूढ आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत वर्णिलेला रक्तगट हा त्यास मोठा अपवाद होय.

‘ए’ व ‘बी’ हे प्रतिजन ‘एच’ या मूळ द्रव्यापासून घडतात. ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशींवर हे द्रव्य मूळ स्वरूपातच विपुल असते. मुंबई गटाच्या व्यक्तीस ते घडविणारे जनुक मातापिता उभयतांकडून सदोष मिळालेले असते. त्यामुळे तिच्या पेशींवर हे तिन्ही प्रतिजन नसतात, आणि रक्तरसात तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे असतात.

अशा रुग्णास ‘ओ’ रक्त दिल्यास ‘एच’विरोधी प्रतिपिंडे दात्याच्या पेशींस चिकटतात, पूरक प्रथिने कार्यप्रवृत्त होतात व पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात. मुक्त हीमोग्लोबिन मूत्रात उतरते, रक्तदाब घसरतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. जेल व कूम्ब्स यांच्या १९६३ च्या वर्गीकरणातील दुसऱ्या प्रकारची ही अतिसंवेदनशीलता होय.

केवळ पेशी तपासल्यास हा गट ‘ओ’ असाच भासतो. रुग्णाचा रक्तरस ‘ओ’ पेशींशी पडताळला की पेशींच्या गुठळ्या होतात व भेद उघड होतो. ही पडताळणी वगळणे म्हणजे रुग्णाचे प्राण पणास लावणे होय.