दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहायचा धंदा करताय? मग आधी हा एक पैसा शोधा



"कोडिंग येतं, पण पुण्याला जाऊन नोकरी करायची नाही. इथेच राहून दुकानदारांना सॉफ्टवेअर लिहून देण्याचा धंदा होईल का?" असं विचारणारी मुलं-मुली आता प्रत्येक बॅचमध्ये दोन-तीन तरी असतातच. माझं उत्तर: होतो. पण त्यातल्या बहुतेकांना वाटतं की प्रोग्रामर म्हणजे दिवसभर खटाखट कोड टाइप करणारा माणूस.

मी स्वतः प्रोग्रामर नाही. माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे आणि काउंटरवरचं बिलिंग एका प्रोग्रामरने लिहून दिलेलं आहे. तो काम करत असताना शेजारी स्टूल टाकून बसायची मला सवय लागली आहे, त्यामुळे त्याचा दिवस कसा जातो हे चांगलंच बघितलंय. कोड लिहिण्याचा भाग त्यात लहान असतो. बाकीचा वेळ दोन प्रश्नांत जातो: "हे असं का होतंय?" आणि "तुम्हाला नक्की काय हवंय?" ग्राहक पैसे देतो ते याच प्रश्नांच्या उत्तरांसाठी, आणि नवखा माणूस हेच काम फुकट करून बसतो. म्हणून आज काही खरे, रोजचे प्रश्न बघू.

१०० रुपयांचं बिल १०० रुपये एक पैसा

समजा एका वस्तूची एमआरपी १०० रुपये आहे, १८ टक्के जीएसटी धरून. बिलावर मूळ किंमत वेगळी दाखवायची, म्हणून १०० ला १.१८ ने भागलं. आले ८४.७४५८, म्हणजे दोन दशांशांत ८४.७५. आता त्यावर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. ८४.७५ चे ९ टक्के होतात ७.६२७५, म्हणजे ७.६३. तिघांची बेरीज करा: ८४.७५, ७.६३ आणि पुन्हा ७.६३.

झाले १००.०१. कॅल्क्युलेटर घेऊन आत्ता करून बघा, मी थांबतो.

कोडमध्ये कुठेच चूक नाही. प्रत्येक पायरी बरोबर आहे आणि तरी उत्तर चुकलंय. गिऱ्हाईक एमआरपीपेक्षा एक पैसाही जास्त देणार नाही, आणि द्यायलाही नको. गल्ल्यात १०० रुपये आले, बिल १००.०१ चं. दिवसाला दोनशे बिलं धरा. महिनाअखेरीला तुमचा हिशेब आणि बँकेत जमा झालेलं यूपीआय जुळत नाही, आणि दुकानदार पहिला संशय घेतो काउंटरवरच्या पोरावर. एका पैशाच्या गोळाबेरजेपायी दोन वर्षं इमानदारीने काम करणाऱ्या पोराची नोकरी जाऊ शकते. म्हणून मी या प्रश्नाला किरकोळ म्हणत नाही.

यावर साधा मार्ग असा: बेरीज १०० च ठेवायची, दोन्ही कर ७.६३ धरायचे आणि मूळ किंमत वजाबाकीने काढायची, म्हणजे ८४.७४. त्याचे ९ टक्के काढले तरी ७.६३ च येतात, म्हणजे सगळं जुळलं. पण हा पैसा कुठे बसवायचा हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवायचं नसतं. दुकानदाराच्या सीएला फोन लावायचा, उत्तर लिहून घ्यायचं आणि मग कोडला हात लावायचा. माझ्या प्रोग्रामरने कोड बदलायला फार तर पाव तास घेतला असेल. फोन, चर्चा आणि जुनी बिलं तपासणं यात अर्धा दिवस गेला. त्याने बिल लावलं अर्ध्या दिवसाचं, आणि ते योग्यच होतं.

पैशाच्या हिशेबात आणखी एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. जावास्क्रिप्ट किंवा पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करा. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. कॉम्प्युटर बिघडलेला नाही. तो आकडे दोनच्या पटीत साठवतो आणि ०.१ त्या पद्धतीत पूर्ण मांडता येत नाही. आपल्याला एक तृतीयांश लिहायला सांगितलं तर आपणही ०.३३३ लिहीत कुठेतरी थांबतोच की. त्यामुळे पैसे साठवताना रुपये दशांशात ठेवायचे नाहीत; सगळं पैशात, पूर्णांकात ठेवायचं. १०० रुपये म्हणजे १०,००० पैसे. नाहीतर त्या भाषेत हिशेबासाठी असलेला डेसिमल प्रकार वापरायचा. आणि पूर्णांकात आणताना भाषेनुसार फरक पडतो हेही ध्यानात ठेवा: २.५ चा पायथन २ करतो, जावास्क्रिप्ट ३ करतं. बिल एका भाषेत आणि रिपोर्ट दुसऱ्या भाषेत बनत असेल तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि मालक मध्ये अडकलेला.

फॉल्ट शोधायची पद्धत तुम्हाला आधीच माहीत आहे

एमसीबी पडतोय आणि कारण कळत नाही, तेव्हा वायरमन काय करतो? सगळी घराची वायरिंग उकरत नाही. अर्धी सर्किटं बंद करतो. एमसीबी टिकला तर फॉल्ट बंद केलेल्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं अर्धं. तीन-चार वेळा असं केलं की गिझरच्या प्लगपर्यंत पोचतो.

प्रोग्रामरही हेच करतो. गुरुवारी चालत होतं, शुक्रवारी बंद पडलं, तर मधल्या बदलांचे दोन भाग करायचे. हजार बदल असले तरी अर्धं-अर्धं करत दहा तपासण्यांत नेमका बदल सापडतो. त्यासाठी प्रत्येक बदलाची नोंद मात्र हवी. ते काम गिट करतं. लिनक्सवाल्या लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेलं, फुकट मिळणारं साधन आहे. अजूनही 'बिलिंग_नवीन', 'बिलिंग_नवीन_फायनल', 'बिलिंग_फायनल_खरं' असे फोल्डर बनवणारी मुलं मला भेटतात. अशांनी ग्राहकाकडून ॲडव्हान्स घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी शिस्त साधी आहे. चूक आपल्यासमोर पुन्हा घडवून बघा. एरर मेसेज पूर्ण वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि दुकानदार "चालत नाही" म्हणाला की विचारा: कुठलं बिल, किती वाजता, स्क्रीनवर काय लिहून आलं? फोटो पाठवायला सांगा. "चालत नाही"चा अर्थ एकदा माझ्याकडे प्रिंटरमधला कागद संपला असा निघाला होता.

दुकानातले प्रश्न पुस्तकात नसतात

घरगुती वायरचं बंडल ९० मीटरचं येतं. मी बंडल विकतो आणि मीटरनेही विकतो. स्टॉकमध्ये ४ बंडल आहेत, एक गिऱ्हाईक १५ मीटर घेऊन गेलं, तर स्टॉक किती? ३४५ मीटर, बरोबर. पण दुसरं गिऱ्हाईक आलं आणि त्याला सलग ९० मीटरची ४ बंडलं हवी आहेत. कॉम्प्युटर सांगतो ३ बंडलं आणि ७५ मीटर. इथपर्यंत ठीक. आता अशी तीन बंडलं अर्धवट कापलेली आहेत, प्रत्येकी ३० मीटर उरलेली. बेरीज ९० मीटर. कॉम्प्युटर म्हणतो, एक बंडल शिल्लक आहे. कपाटात एकही अख्खं बंडल नाही!

हे प्रोग्रामरला कोणी सांगणार नाही, कारण दुकानदाराला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. त्याच्या हाताला माहीत असतं. म्हणून सल्ला असा, की काम घेतल्यावर पहिले दोन दिवस लॅपटॉप उघडू नका. काउंटरच्या मागे उभे राहा. परत आलेला माल कसा घेतात, उधारी कुठल्या वहीत जाते, मालक नसताना सूट कोण देतं, हे बघा. कापडाच्या दुकानात ताग्याचा तुकडा, किराण्यात सुटा माल, मेडिकलमध्ये एक्सपायरी... प्रत्येक धंद्यात असं एक "९० मीटरचं बंडल" असतंच.

आणखी दोन छोटे प्रश्न, जे तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटतील. रुपयाचं चिन्ह २०१० साली आलं. बऱ्याच साध्या थर्मल प्रिंटरच्या अक्षरांत ते नसतं, देवनागरीही नसते. मग बिलावर प्रश्नचिन्ह उमटतं. उपाय: तो मजकूर चित्र म्हणून छापा, किंवा सरळ "रु." लिहा. दुसरा प्रश्न एक्सेलचा. मालाची यादी दुकानदार एक्सेलमध्ये देतो आणि ८९० ने सुरू होणारे १३ आकडी बारकोड ८.९ आणि पुढे 'ई+१२' असे दिसू लागतात. कोडच्या सुरुवातीचं शून्य तर गायबच होतं. तो कॉलम आधीच 'टेक्स्ट' करून मग भरायला सांगा.

आणि एआय?

हो, आता एआयला सांगितलं की बिलिंगचा कोड मिनिटात मिळतो. वापरा, माझा प्रोग्रामरही वापरतो. पण वरचं अर्धवट बंडलाचं त्याला तुम्ही सांगितलं नाहीत तर तो ३० मीटरच्या तीन तुकड्यांचं एक बंडल करून देईल, तेही अगदी आत्मविश्वासाने. शिवाय चुकलेलं बिल घेऊन दुकानदार भांडायला येईल तो तुमच्याकडेच.

कोटेशनमध्ये काय लिहायचं

इथे मुलं सगळ्यात जास्त मार खातात. सॉफ्टवेअर एकदा विकलं, ठरलेली रक्कम घेतली, आणि पुढे तीन वर्षं रात्री-अपरात्री फोन उचलत बसले. शेवटी कंटाळून नंबर बदलतात. दुकानदार उघड्यावर पडतो आणि गावात नाव खराब होतं ते वेगळंच.

कोटेशनमध्ये दोन शब्द वेगळे करा: दुरुस्ती आणि बदल. ठरल्याप्रमाणे चालत नसेल तर ती दुरुस्ती, अमुक महिने मोफत. ठरलं त्यापेक्षा वेगळं हवं असेल तर तो बदल, त्याचे पैसे. आणि मोफत मुदतीनंतर वार्षिक देखभालीचा करार. हे पहिल्याच दिवशी लिहिलं की वाद होत नाहीत. काम संपल्यावर लिहायला घेतलं तर होतात.

कोड कोणाचा, हेही लिहा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृती म्हणून धरला जातो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळं ठरलेलं नसेल तर, मालकाचा होतो. पण तुम्ही बाहेरून काम करून देत असाल तर नुसते पैसे मिळाल्याने हक्क दुकानदाराकडे जात नाही. तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. बऱ्याच दुकानदारांना हे माहीत नसतं. तुम्ही स्वतःहून सांगा. दुकानदाराचा डेटा मात्र दुकानदाराचाच, त्यात चर्चा नको. त्याचा बॅकअप त्याच्याकडे रोज जायला हवा, तुमच्याशी भांडण झालं तरीही.

१ एप्रिलची पहाट

जीएसटीच्या बिलाचा नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. म्हणून बहुतेक दुकानं १ एप्रिलला नवी मालिका सुरू करतात. महिना एप्रिल लागला की वर्ष बदलायचं, एवढा साधा कोड. पण सॉफ्टवेअर ऑनलाइन असेल तर सर्व्हरचं घड्याळ अनेकदा जागतिक वेळेवर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. आपल्याकडे १ एप्रिल उजाडला तरी सकाळी साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी ३१ मार्चच असतो.

माझं दुकान दहाला उघडतं, मला फरक पडत नाही. पण तुमचा ग्राहक रात्रभर उघडं असणारं मेडिकल असेल, तर पहाटे तीनचं बिल मागच्या वर्षाच्या नंबरने निघेल. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चाचणीसाठी तारीख पुढे करून एक बिल काढून बघा, आणि त्याचे पैसे देखभालीच्या करारात आधीच धरून ठेवा. कोटेशनचा नमुना या आठवड्याच्या व्हिडिओत रकान्यांसकट भरून दाखवला आहे. तो उतरवून घ्या आणि तुमच्या धंद्यातलं "९० मीटरचं बंडल" कोणतं, ते पहिल्या रकान्यात लिहा.